जर-तरला बंदी असलेलं घर

कोरीटच्या आमच्या घरात दोन गोष्टी मोठ्यानं करायला मनाई होती. एक म्हणजे ढेकर देणं आणि दुसरी म्हणजे वाईटसाईट कल्पना करणं. ढेकर एखादे वेळी माफ व्हायचा. कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पोटात गेल्यावर माणसाचं स्वतःवर राज्य उरत नाही, हे जिजीलाही मान्य होतं. पण 'जर असं झालं तर' या शब्दांना उंबऱ्याच्या आत थारा नव्हता. भुताला नसेल एवढी त्यांना बंदी. भूत आलंच तर जिजीनं त्याला आधी पाय धुवायला पाणी दिलं असतं, मग विचारपूस केली असती. 'जर' मात्र दारातच अडवला जायचा.

जिजी म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा आबा चड्डीत होते आणि त्यांची आई नुकतीच गेलेली होती. जिजीनं त्यांना वाढवलं, त्यांचं लग्न केलं, आणि नंतर आम्हा भावंडांना वाढवायला घेतलं, कारण एकदा हात बसल्यावर तो रिकामा ठेवणं तिला जमेना. ती दारात उभी राहिली की ओसरीत अंधार पडायचा, असं मी सांगते तेव्हा माझी धाकटी बहीण मध्येच म्हणते, अगं, ती तुझ्या खांद्याला लागायची. लागत असेल. माझ्या आठवणीत ती अजूनही चौकटीखालून वाकूनच बाहेर येते, आणि आता या वयात मी आठवणीला फूटपट्टी लावत बसणार नाही.

तर जिजीचं म्हणणं असं, की घराच्या आढ्याला एक देव बसलेला असतो आणि तो दिवसभर 'तथास्तु, तथास्तु' म्हणत असतो. कोणत्या क्षणी म्हणेल त्याचा नेम नाही, त्यामुळे तोंड सांभाळायचं. तुम्ही म्हणाल, हे तर सगळ्याच घरांत म्हणतात. म्हणतात हो. पण दुसऱ्यांच्या घरातला देव थोडा बहिरा असावा, आमच्याकडच्याचे कान सशासारखे होते. म्हणून आमच्याकडे कुंकू सरत नसे, ते वाढायचं. बांगडी फुटत नसे, तीही वाढायची. जाणारा माणूस 'येतो' म्हणून जायचा. परका माणूस आमच्याकडे आठवडाभर राहिला असता तर त्याला वाटलं असतं, या घरात सगळं वाढतच जातं, कमी काही होत नाही, आणि त्यानं लगेच मुलगी दिली असती. माझी माय हे सगळं मुकाट पाळायची, पण जिजीची पाठ वळली की माझ्याकडे बघून भुवई उडवायची. तिच्या त्या एका भुवईत एवढा खोडकरपणा होता की दुसरी भुवई तिला कशाला दिली, असं मला वाटायचं.

मी दहावीत गेले तेव्हा आबांनी मला खळ्यात नेलं. घरात बोलण्यासारखं ते नव्हतंच, कारण बोलणं जर-तरचं होतं. खळ्याला आढं नाही, त्यामुळे तिथं माणूस मोकळेपणानं बोलू शकतो. आबा म्हणाले, एका दमात पास झालीस तर पुढं नंदुरबारला शिकवीन, इंग्रजीत नापास झालीस तर मग मात्र तुला बघायला आलेल्या पाहुण्यांना मी किती दिवस चहावर परत पाठवू? बाकीच्या विषयांचं मला भय नव्हतं. गणित माझं मी रेटत होते, मराठीत तर मी निबंध असा लिहायची की परीक्षकानं पुरवणी जोडून द्यावी. पण इंग्रजी म्हणजे वाळूत पेरलेली ज्वारी. खत घाला, पाणी घाला, उगवणार नाही म्हणजे नाही.

इंग्रजी शिकवायला शेख सर होते. नंदुरबारच्या जुन्या घरातले, वडील आणि चुलते पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे. सर रोज सायकलवरून यायचे. त्या सायकलला ब्रेक नव्हते, घंटीही नव्हती, होता तो फक्त सरांचा आवाज. सर वळणावरून येताना 'बाजू, बाजू' म्हणून ओरडायचे ते बैलांनाही कळायचं. वर्गात त्यांचा एक नियम होता. मनातल्या मनात बोललेलं वाक्य हे वाक्यच नव्हे, असं ते म्हणायचे. भांडं आतून कितीही घासा, आच लागल्याशिवाय कल्हई चढत नाही. तसं घरी जाऊन मोठ्यानं बोला, भिंतीला ऐकू जाऊ द्या. बाकीची पोरं भिंतीजवळ जाऊन पुटपुटायची. मला देवानं आवाज दिला होता तो दोन गावांना पुरून उरणारा, त्यामुळे माझा गृहपाठ पलीकडच्या शिवारातली माणसंही ऐकायची आणि काही तर म्हणे सुधारायची.

आणि मग जर-तरच्या वाक्यांचा धडा आला. सरांनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली आणि म्हणाले, ही तीन प्रकारची असतात. पहिलं उद्याचं, म्हणजे होऊ शकेल ते. दुसरं स्वप्नातलं, म्हणजे होणार नाही ते. आणि तिसरं हातातून गेलेलं, म्हणजे झालं असतं पण झालं नाही ते. पहिलं मला कळलं. दुसऱ्यात सरांनी उदाहरण दिलं की मी राजा असतो तर. आमच्या वर्गात एकानं लगेच हात वर करून विचारलं की सर, तुम्ही राजा असता तर सायकल कोण चालवणार, आणि तो तास तिथंच संपला. तिसरं मात्र मला कितीही केलं तरी समजेना. जे झालंच नाही त्याच्यासाठी इंग्रजांनी एवढे हॅड आणि हॅव कशाला खर्च करावेत? ज्याचा वापर नाही असं आमच्या घरात एक भांडंसुद्धा नव्हतं, आणि इथं अख्खा एक प्रकार.

घरी मोठ्यानं बोलायचं तर घरात 'जर'ला बंदी. मी आपल्या परीनं तोड काढली. गोठा घरात धरायचा नाही, असं मी ठरवलं. गोठ्याला वेगळं छप्पर होतं, वेगळं आढं होतं, आणि त्या आढ्यावर देव असलाच तर तो गुरांचा असणार, त्याला इंग्रजी कुठलं यायला! पण माझी पद्धत अशी की आधी वाक्य मराठीत मोठ्यानं म्हणायचं, मग इंग्रजीत. आणि बोलायला बसलं की जिभेवर यायचं ते सगळं मनाई केलेलंच. चांगलं काही सुचायचंच नाही. दूध उतू गेलं तर. म्हैस सुटली तर. पाहुणे न सांगता आले तर. भिंत पडली तर.

आता पुढचं मी सांगते त्यातलं तुम्ही जेवढं मानाल तेवढं तुमचं. त्याच आठवड्यात दूध उतू गेलं. म्हैस सुटली आणि थेट शेजारच्या गावच्या सोयऱ्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली, जणू लग्नाचं बोलणं करायला आली होती. तिला शोधत गेलेल्या आबांना त्या सोयऱ्यांनी जेवायला ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेच सोयरे न सांगता आमच्याकडे आले. भिंत तेवढी पडली नाही, कारण त्या वाक्याच्या मध्येच मायनं मला हाक मारली होती आणि ते अर्धंच राहिलं. जिजीचे डोळे माझ्या पुस्तकाभोवती फिरायला लागले. घार फिरते तसे.

ते दिवस मिरचीचे होते. नंदुरबारकडे आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. थंडीच्या शेवटी शिवारच्या शिवार लाल होतं, वाळत घातलेल्या मिरचीचा तो ठसका हवेत असतो, आणि शिंकणारा माणूस पाहुणा म्हणून ओळखला जातो. आमच्या खळ्यातही मिरची पसरलेली होती, कोरडी, खडखडीत, हातात घेतली तर घुंगरासारखी वाजणारी. दोन दिवसांत पोती भरायची होती. त्या संध्याकाळी मी गोठ्यात बसून मोठ्यानं म्हणाले, जर रात्री पाऊस पडला तर मिरची काळी पडेल. मग तेच इंग्रजीत म्हणाले. मला ते वाक्य इतकं बिनचूक आलं की मी ते पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा, आणि शेवटी चाल लावून म्हणाले.

पहाटे पाऊस आला. थंडीतला, कुणी बोलावला नसलेला, कुणाच्या पंचांगात नसलेला. आम्ही घरातली सगळी पोती, गोधड्या, सतरंज्या घेऊन धावलो, जिजी तर डोक्यावरचा पदर सोडून धावली, पण निम्मी मिरची भिजायची ती भिजलीच. सकाळी खळ्याच्या कडेला ती काळपट, मऊ झालेली मिरची पाहत आम्ही उभे राहिलो तेव्हा जिजीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं आबांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली:

"ते बुक घरमा ऱ्हायनं ते मी आठे ऱ्हावाव नही."

पुस्तक राहिलं तर मी इथं राहणार नाही. पहिल्या प्रकारचं वाक्य. दोन्ही बाजू जागच्या जागी, काळ बरोबर, एकही चूक नाही. सरांनी ऐकलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण तेव्हा मला हसू आलं नाही. जिजीनं स्वतः 'जर'चं वाक्य उच्चारलं होतं, आणि ते ती मागं घेणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी पुस्तक उचललं आणि गोठ्याच्या माळ्यावर कडब्यात खुपसलं. दुपारी त्यांनी मला पुन्हा खळ्यात नेलं. खाली बसले, ओल्या मिरच्या मुठीत घेऊन सोडत राहिले. मग म्हणाले, "जिजीनी माले वाढाडं, सुमन. आते मी तिले काय सांगू?"   दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद झाली.

एक गोष्ट इथं सांगून टाकते. पुढं मी तळोद्याला बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. डोंगरातून जीपनं खाली आलेली पोरं, घरी पावरी नाहीतर भिली बोलणारी, मराठीच त्यांना परक्या अंगणासारखी, आणि मी त्यांना इंग्रजी शिकवणार. जर-तरचा धडा आला की मी पुस्तक मिटून विचारायची, तुमच्या घरात काय बोलायला मनाई आहे? वर्ग असा उसळायचा की शेजारच्या वर्गातले गुरुजी येऊन बघायचे. कुणाच्या घरी वाघाचं नाव घ्यायचं नसायचं, कुणाच्या घरी शिकारीला निघालेल्याला कुठं चाललास म्हणून विचारायचं नसायचं. ज्याच्याभोवती भीती असते तिथंच माणसाचं जर-तर असतं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलेलं नाही. ते मला आमच्या ओट्यावर कळलं.

चार-सहा दिवस मी वर्गात दिसले नाही म्हणताना शेख सर सायकल हाणत कोरीटला आले. 'बाजू, बाजू' ऐकू आलं आणि मी माजघरात दडले. सरांनी सायकल निंबाला टेकवली, कारण ती स्वतःच्या पायावर उभी राहणारी नव्हतीच, आणि ओट्यावर बसले. आबा खाली मान घालून समोर बसले. मायनं चहा टाकला. जिजी दाराआड उभी राहिली. परक्या पुरुषाशी समोरासमोर बोलायचं नाही ही तिची रीत होती, मग तो माणूस तीन हातांवर का बसलेला असेना. बोलायचं ते मध्ये कुणाला तरी उभं करून. त्या दिवशी तिनं मला माजघरातून काढून मध्ये उभं केलं. एका बाजूला सर, एका बाजूला दार, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं स्वच्छ ऐकू येत असताना मी इकडचं तिकडे करत होते.

"सुमन, त्यासले इचार, चहा गोड शे का?" दाराआडून आलं.

मी विचारलं. सर म्हणाले, जिजींना सांग, चहा उत्तम आहे. मी दाराला सांगितलं. मग जिजीनं सांगितलं की पोर आता शाळेत येणार नाही. सरांनी विचारलं, का? जिजी म्हणाली, घरात भलतंसलतं बोलायला आमच्याकडे मनाई आहे. मग तिनं दूध, म्हैस, पाहुणे आणि पाऊस हा सगळा पाढा वाचला. मला वाटलं, आता सर हसणार. शिकलेला माणूस, शहरातला. हसले असते तर त्याच क्षणी सगळं संपलं असतं; जिजीनं आतून कडी घातली असती आणि मी आज कुठल्यातरी ओसरीत मिरच्यांचे देठ खुडत असते.

सर हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "जिजींना सांग, आमच्या अम्मीसमोर मी नुसतं 'उद्या येतो' म्हटलं तर ती मला दार सोडू देत नाही. 'इन्शाअल्लाह' म्हणून घेते, मग पाऊल उचलू देते. म्हणते, उद्या काय तुझ्या बापाचा आहे?"

दाराआडून मग आवाज आला, "त्यासले सांग, त्यासनी माय शहानी शे."

तिथून बोलणं सरळ झालं. सर म्हणाले, घरात पोरीनं चांगलीच वाक्यं म्हणावीत. पाऊस वेळेवर आला तर कापूस चांगला येईल. लेकीचं शिक्षण झालं तर घराचं नाव निघेल. अशी. देव तथास्तु म्हणालाच तर त्यात नुकसान कुणाचं? वाईट वाक्यं मी शाळेत करून घेईन, शाळेचं छप्पर तसंही सरकारी आहे. आबांना हसू फुटलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. मायची भुवई उडाली. दाराआडून 'हां' आल्यासारखं वाटलं. काम झालंच होतं. पण सर मास्तर होते ना, धडा अर्धा सोडवेना. ते म्हणाले, आणि जिजींना सांग, तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांचं तर काही भयच नाही. ती होऊन गेलेल्याची असतात. मागच्या गोष्टीला देव तरी तथास्तु कसा म्हणणार?

 ते सांगायला मी वळले तर जिजी दारात उभी होती. पदर सावरून ती बाहेर आली, ओट्याच्या कडेला, सरांपासून हातभर अंतरावर खाली बसली. आबा उठून उभे राहिले. मला वाटतं, त्यांच्या जन्मात त्यांनी तिला असं परक्या माणसासमोर बसलेलं पाहिलं नव्हतं.

ती माझ्याकडे न पाहता, कुणालाच मध्ये न घेता बोलायला लागली. तिचं सासर तापीच्या काठावर होतं. लग्नानंतरचा दुसरा की तिसरा पोळा. बैलांसाठी गोंडे आणि घुंगरं आणायला नवरा पलीकडच्या बाजाराला निघाला. नदी भरलेली होती. दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं, कशावरून ते तिला आता आठवतही नव्हतं, आणि तो उंबरा ओलांडत असताना ती त्याला बोलली होती.

"मी बोलनू, पोयाले घर नही उनात ते मंग येवानं कामच नही."

पोळ्याला घरी आला नाहीत तर मग यायचंच कारण नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी परतणारी नाव उलटली. जिजीनं एवढं सांगितलं आणि ओट्याच्या मातीवरून हात फिरवत राहिली, सारवताना फिरवतात तसा. आढ्यावरचा देव, तथास्तु, वाढलेलं कुंकू, सगळं त्या दिवशी मला एकदम कळलं. ती आम्हाला देवापासून वाचवत नव्हती. ती आम्हाला स्वतःच्या त्या एका वाक्यापासून वाचवत होती.

 मग सरांनी विचारलं, नावेत आणखी कोण कोण होतं? ती म्हणाली, पुष्कळ माणसं होती. सरांनी विचारलं, त्यांच्या घरी कुणी त्यांना असं बोललं होतं?  हे जिजीला इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नव्हतं. तिनं एकेकाचं घर मनात आठवून पाहिलं असावं, कारण तिचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, नाही. सर म्हणाले, मग ती माणसं कुणाच्या बोलण्यानं बुडाली?

मला वाटलं, जिंकले सर. पण जिजी काही साधी नव्हती. तिनं मान वर केली. "मी नही बोलती ते धनी त्या नावमा बठतातच नही."

मी बोलले नसते तर ते त्या नावेत बसलेच नसते. आणि ते ऐकताना मला तिसरा प्रकार कळला. असा कळला की पुढं कधी विसरता आला नाही. ज्याचं काही उरलेलं नाही त्याच्यासाठीही माणसाला शब्द लागतात, आणि ते दुसऱ्या कशापेक्षा जास्त लागतात.

शेख सर खोटं बोलले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. मोठी माणसं अशा वेळी खोटंच बोलतात. सर म्हणाले, "ते मला माहीत नाही, जिजी. तुम्हालाही माहीत नाही. हे वाक्य खरं की खोटं, ते कुणालाच तपासता येत नाही."

"तपासता येस नही ते पोरेसले काब्र शिकाडतस?" जिजीनं विचारलं. तपासता येत नाही तर पोरांना शिकवता कशाला? तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच हवं होतं उत्तर.

"बोलता यावं म्हणून," सर म्हणाले. "नाहीतर ते आतच राहतं."

मग ते उठले. आबांनी त्यांना चांगल्या निवडक मिरच्यांचं एक गाठोडं दिलं, ते त्यांनी सायकलच्या दांडीला बांधलं. जिजी ओट्यावरच बसून होती. निघताना सर तिला म्हणाले, येतो, इन्शाअल्लाह, आणि जिजीनं मान हलवली. वळणापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता.

मी आता एवढी म्हातारी झाले आहे की आभार मानायची माणसं बहुतेक संपली, आणि ज्यांचे मानायला हवेत ती तर पहिल्यांदा संपली. लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही गोष्टी फुगवून सांगता. सांगते. म्हैस सोयऱ्यांच्या अंगणात लग्नाच्या बोलण्याला गेली नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण या दुपारीत मी तसूभरही भर घातलेली नाही, तिला ती लागत नाही. एक माणूस ब्रेक नसलेल्या सायकलवरून इतक्या दूर आला आणि एका बाईला न हसता बसून राहिला. माझं पुढचं सगळं आयुष्य, ती नोकरी, ती तळोद्याची पोरं, हातातला पगार, स्वतःच्या नावाची पाटी, त्या न हसण्यावर उभं आहे. आणि दाराबाहेर आलेल्या जिजीवर. तिनं ठरवलं असतं तर ती दाराआडच राहिली असती.

सर गेल्यावर खळ्यातली भिजलेली मिरची निवडायला आम्ही दोघी बसलो. काळी एकीकडे, लाल एकीकडे.  मग जिजी म्हणाली, बुक आन. मी गोठ्याच्या माळ्यावर चढून कडब्यातून पुस्तक काढलं, झटकलं, घेऊन आले. तिनं ते हातात घेतलं नाही. तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, धनी घरी आले असते तर मी त्यांना पोळ्याची पुरणपोळी वाढली असती, हे इंग्रजीत सांग.

मी सांगितलं. इफ ही हॅड कम होम, आय वुड हॅव सर्व्ड हिम, आणि पुरणपोळीला इंग्रजी नाही म्हणून पुरणपोळी तशीच ठेवली. तिला त्यातली पुरणपोळी तेवढी कळली. तिनं ते वाक्य दोनदा ऐकलं, आणि मग दुसरं दिलं. ते आले असते तर विहिरीचं काम पुरं झालं असतं. मग तिसरं. ते असते तर दिराला वेगळं राहावं लागलं नसतं. काही इतकी छोटी होती की मला आश्चर्य वाटलं: ते असते तर त्या वर्षी आम्ही सारंगखेड्याच्या जत्रेला गेलो असतो. ती मिरची निवडत सांगत गेली आणि मी अडखळत अडखळत इंग्रजी करत गेले, चुकले तर तिला कळत नव्हतं पण मला कळायचं आणि मी पुन्हा म्हणायची. सूर्य खळ्याच्या कुंपणाला टेकला तरी तिची वाक्यं संपेनात. अनेक वर्षांचा साठा होता तो, एकही न वापरलेला.

शेवटी ती म्हणाली, "एखादी पोर व्हती ते आते तुन्हाथून मोठी व्हती." एखादी मुलगी असती तर आज तुझ्यापेक्षा मोठी असती.

हे वाक्य माझ्याकडून लगेच झालं नाही.  मी एक मिरची उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाले ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक न करता. जिजी ऐकून घेतल्यासारखी मान हलवत राहिली. मग तिनं सुपातली लाल मिरची पोत्यात ओतली, हात झटकले आणि उठता उठता म्हणाली:

"उद्याथून शाळामा जा. आनि तुन्हा सरले सांग, अशा वाक्ये मन्हाकडे अजून पुष्कळ शेतस."